फोटो तोच, मग दिसतो वेगळा का?

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



आज मी फोटोबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, रेडिओवर फोटोचं काय काम? इथं तर काही दिसतच नाही. पण आपल्या गटांचा निम्मा व्यवहार आता फोटोवर चालतो. चटणी असो, बेदाणा असो, घोंगडी असो, पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक आधी फोटो मागतं आणि मग भाव विचारतं. म्हणून एका गटात फोटोवरून भांडण कसं झालं आणि ते कसं मिटलं, ते सांगते. गटाचं नाव सांगत नाही. तासगावकडचा गट आहे, एवढं पुरे.

या गटाचा बेदाणा चांगला असतो. जाळीवर नीट सुकवलेला, निवडलेला, लांबट, हिरवट पिवळा. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे या मालाचं नाव या मातीशी बांधलेलं आहे. म्हणून गटानं ठरवलं की सुटा माल विकायचा नाही. पाव किलोची पाकिटं करायची आणि त्यावर आपलं स्टिकर लावायचं. सचिव मावशींच्या सुनेनं मोबाईलवर फोटो काढला. पितळेची वाटी, वाटीत बेदाणा, शेजारी द्राक्षाचं पान. मोबाईलवर बेदाणा इतका ठसठशीत दिसत होता की एकेक दाणा मोजून घ्यावा. सगळ्या खूश.

फोटो गटाच्या व्हॉट्सॲपवर पडला. तिथून तो पुढं छपाईच्या दुकानात गेला. दुकानातल्या पोरानं कॉम्प्युटरवर उघडला, तर फोटो भुरकट. वाटीची कड पुसट, दाणे एकमेकांत मिसळलेले. तो म्हणाला, "मावशी, ह्यो फोटो छापण्याजोगा न्हाई. मूळ फोटो आणा."

अध्यक्ष आक्का चिडल्या. "आमच्या मोबाईलवर बघ की कसा लख्ख दिसतोय! तुझाच काम्प्युटर जुना झालाय." आणि उठून दुसऱ्या दुकानात गेल्या.

दुसऱ्या दुकानात तोच फोटो दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडला, तर एकदम धारदार! आक्का म्हणाल्या, "बघा, म्या सांगितलं न्हवतं?" २ रुपयाला एक अशी १,००० स्टिकरं छापली. गटाच्या खात्यातून २,००० रुपये गेले.

स्टिकरं हातात आली तेव्हा वाटीच्या कडेनं पांढरी रेघ आणि बेदाणे खडीसारखे दिसत होते. प्रदर्शनात एका बाईनं पाकीट हातात घेऊन विचारलं, "हा मागच्या साली उरलेला माल आहे का?" आत माल ताजा होता, पण वरचा फोटो शिळा बोलत होता.

त्या महिन्याच्या बैठकीत खापर कुणावर फुटलं? सुनेवर. "तूच फोटो खराब काढलास." ती बिचारी म्हणत राहिली, "आत्याबाई, माझ्या मोबाईलवर चांगलाच होता हो." कोण ऐकतंय? पुढच्या वेळी मोबाईल तिच्या हाती द्यायचा नाही असं ठरायची वेळ आली. तेव्हा त्यांनी मला बोलावलं, कारण मी गटांना मालाचे फोटो काढायला शिकवते.

आता फोटो तोच असताना एका ठिकाणी भुरकट आणि दुसऱ्या ठिकाणी धारदार का दिसला, ते बघू. समजायला अवघड नाही. फक्त एक गोष्ट आधी ध्यानात घ्या. फोटो म्हणजे टिंबं.

आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीहून १९३० साली 'स्त्री' मासिक सुरू झालं. त्या काळच्या छापील फोटोवर भिंग धरलं तर बारीक बारीक ठिपके दिसतात. आजच्या वर्तमानपत्रातल्या फोटोवर धरा, तिथंही दिसतील. मोबाईलचा फोटोही तसाच टिंबांचा असतो. त्या टिंबाला पिक्सेल म्हणतात. बऱ्याच मोबाईलच्या फोटोत आडवी ४,००० आणि उभी ३,००० टिंबं असतात. गुणाकार केला तर १ कोटी २० लाख टिंबं झाली.

पण मोबाईलच्या पडद्यावर एका आडव्या ओळीत किती टिंबं मावतात? पुष्कळ मोबाईलवर १,०८० फक्त. म्हणजे ४,००० जणींना १,०८० पाटांवर जेवायला बसवायचं! पडद्याच्या एकेका टिंबाच्या जागी फोटोतली १३-१४ टिंबं येतात. त्यांच्यापैकी काय दाखवायचं, ते तो प्रोग्रॅम ठरवतो. आणि प्रत्येक प्रोग्रॅमची रीत वेगळी असते.

पहिली रीत शितावरून भाताची परीक्षा. १३-१४ टिंबांतलं एक उचलायचं, बाकीची सोडून द्यायची. काम झटपट होतं आणि फोटो कडक दिसतो. पण तिरप्या रेघा पायऱ्यांसारख्या तुटक दिसतात. माण-खटावकडच्या ज्या बहिणी घोंगडी विकतात, त्यांनी हे पाहिलं असेल. घोंगडीचा फोटो लहान करून बघितला की विणीवर पाण्यासारख्या लाटा उठलेल्या दिसतात. बोटांनी मोठा केला की लाटा गायब. त्या लाटा घोंगडीत नसतात. विणीचे काही धागे दाखवले आणि काही सोडले, म्हणून त्या तयार होतात.

दुसरी रीत म्हणजे सगळी टिंबं मिसळून सरासरी काढायची. चार पोत्यांतला मूठ मूठ दाणा एकत्र करावा तशी. यात खोटं काही येत नाही, पण कडा मऊ पडतात. फोटो थोडा भुरकट वाटतो.

तिसरी रीत म्हणजे जवळच्या टिंबाला जास्त मान आणि लांबच्याला कमी. शिवाय जिथं काळं आणि पांढरं भेटतं तिथं तो फरक किंचित वाढवायचा. यात फोटो रेखीव दिसतो.

बघा, फोटो एकच आणि दाखवायच्या रीती तीन. म्हणून एका प्रोग्रॅममध्ये तो मऊ दिसतो आणि दुसऱ्यात धारदार. फाईल बदललेली नसते, ती दाखवण्याची पद्धत बदललेली असते.

याच्यावर आणखी एक गोष्ट असते, धार लावणं. विळीला लावतो तशीच फोटोला धार लावता येते. काही प्रोग्रॅम ती न विचारता लावतात. मोबाईलचा कॅमेरा तर फोटो काढतानाच थोडी धार लावून देतो.

ही धार म्हणजे काय? रांगोळीत रंग भरल्यावर आपण कडेनं पांढरी रेघ ओढतो. रंग तेच राहतात, पण रेघ ओढली की फूल उठून दिसतं. प्रोग्रॅमही तसंच करतो. वाटीची कड जिथं आहे तिथं गडद बाजू आणखी गडद करतो आणि उजळ बाजू आणखी उजळ करतो. आपल्या डोळ्याला वाटतं, फोटो स्पष्ट झाला. ही युक्ती कॉम्प्युटर येण्याच्या आधीची आहे. अंधाऱ्या खोलीत फोटो धुणारे लोक मूळ काचेवर किंवा फिल्मवर तिचीच एक मुद्दाम पुसट केलेली उलटी प्रत ठेवून फोटो छापत, म्हणजे कडा उठून येत. म्हणून आजही प्रोग्रॅममध्ये या सोयीचं नाव 'अनशार्प मास्क' असं असतं. नावात पुसट आणि कामात धारदार!

आता तुम्ही माझा आवाज रेडिओवर ऐकताय. काही रेडिओंना आवाज पातळ-जाड करायचं बटण असतं. ते पातळ बाजूला फिरवलं की 'स' आणि 'च' टोकदार ऐकू येतात. पण मी जे बोललेच नाही, ते त्या बटणानं ऐकू येईल का? नाही. धार लावणं तसंच आहे. जे फोटोत आहे ते उठून दिसतं, जे नाही ते येत नाही. आणि बटण फार फिरवलं की आवाज कानाला टोचतो. फोटोला धार फार झाली की कडेला पांढरी रेघ येते, गुळगुळीत दाणा खडबडीत दिसतो आणि माणसाच्या चेहऱ्यावर वय चढतं.

तासगावच्या गटात हेच झालं. मी सुनेचा मोबाईल मागितला आणि मूळ फोटो केबल लावून कॉम्प्युटरवर घेतला. मग व्हॉट्सॲपवरून गेलेला फोटोही घेतला. दोन्ही शेजारी शेजारी लावले आणि १०० टक्क्यांवर नेले. १०० टक्के म्हणजे फोटोचं एक टिंब पडद्याच्या एका टिंबावर. तिथं प्रोग्रॅमला आपली रीत चालवायला जागा उरत नाही. लहान-मोठं काही करावंच लागत नाही ना!

मूळ फोटो चांगला होता. दाणे नीट, वाटीची कड नीट. सुनेचं काही चुकलं नव्हतं.

व्हॉट्सॲपवरून गेलेला फोटो मात्र लहान झाला होता. पाठवताना साध्या पद्धतीनं पाठवला तर ते ॲप फोटो लहान करतं. ४,००० ची रुंदी पुष्कळदा १,६०० च्या आसपास येते. म्हणजे टिंबांचा साधारण सहावा हिस्सा उरतो. त्यातून गटानं फक्त बेदाण्याची वाटी कापून घेतली होती, फोटोच्या रुंदीचा चौथा हिस्सा. मग उरली ४०० टिंबं. ती ४ इंचांच्या स्टिकरवर पसरली तर इंचाला १०० आली. चांगल्या छपाईला इंचाला ३०० लागतात असं धरतात. मूळ फोटोतून तेवढीच वाटी कापली असती तर १,००० टिंबं मिळाली असती, इंचाला २५०. तेवढ्यात काम भागलं असतं.

मग मोबाईलवर तो लहान फोटोही लख्ख का दिसला? कारण मोबाईलचा पडदा छोटा आणि त्याची टिंबं फार दाट. तिथं इंचाला ४०० च्या आसपास टिंबं असतात आणि दुकानातल्या मोठ्या पडद्यावर इंचाला १०० च्या आसपास. दाट पेरलेलं शेत लांबून भरलेलंच दिसतं. तेच बी विरळ पेरलं की मधली माती दिसते.

आणि दुसऱ्या दुकानात फोटो धारदार का दिसला? तिथल्या प्रोग्रॅममध्ये आपोआप धार लावायची सोय चालू होती आणि फोटो पडद्यावर लहान करून दाखवला होता. धारेमुळं आणि लहानपणामुळं दोष झाकला गेला. छापून मोठा झाल्यावर उघडा पडला.

म्हणजे मैत्रिणींनो, पहिल्या दुकानातलं पोरगं खरं बोलत होतं. त्याचा प्रोग्रॅम भुरकट फोटो भुरकटच दाखवत होता. जो खरं दाखवत होता त्यालाच आपण खोटं ठरवलं आणि जो लपवत होता त्याला पैसे दिले. फोटोच्या बाबतीत हे मी अनेकदा पाहिलं आहे. जिथं छान दिसतं तिथं आपला विश्वास बसतो. पण छान दिसणं वेगळं आणि चांगलं असणं वेगळं. मुलगी बघायला येणाऱ्यांना आपण हेच सांगतो ना?

बैठकीत आक्का थोडा वेळ गप्प बसल्या. मग सुनेला म्हणाल्या, "पोरी, फोटो तूच काढायचास." एवढंच बोलल्या, पण सगळ्यांसमोर बोलल्या. मूळ फोटो घेऊन त्या पहिल्याच दुकानात गेल्या. नवी स्टिकरं चांगली आली. जुनी निम्मी अजून कपाटात पडून आहेत. २,००० रुपये काही परत आले नाहीत.

आता एक जास्त गंभीर गोष्ट सांगते. ही मालाच्या फोटोची नाही, कागदांची आहे.

अलीकडं मोबाईलमध्ये नवी सोय आली आहे. पुसट फोटो दिला की तो 'सुधारून' देते. याला एआय म्हणतात. हे आधीच्या धार लावण्यासारखं नाही. धार लावताना जे आहे ते उठून दिसतं. हे नवं साधन मात्र जे दिसत नाही ते अंदाजानं भरतं. जुन्या लग्नाच्या फोटोत आजेसासूबाईंचा चेहरा पुसट असेल तर ते सुंदर चेहरा काढून देईल. पण तो आजेसासूबाईंचा असेलच असं नाही. भिंतीवर लावायला ठीक आहे. पण पासबुकाचं पान, सातबारा, कर्जाची पावती, आधार कार्ड? तिथं अंदाज चालत नाही. पुसट ३ चा ८ झाला तर गटाचा हिशेबच बदलला.

यंत्रानं आकडा बदलल्याचं एक खरं उदाहरण आहे, आणि ते एआयची ही लाट येण्याच्या आधीचं आहे. २०१३ साली जर्मनीत डेव्हिड क्रीझेल या संगणकतज्ज्ञानं घराचा एक नकाशा झेरॉक्स कंपनीच्या यंत्रावर स्कॅन केला. नकाशात प्रत्येक खोलीचं क्षेत्रफळ लिहिलेलं होतं. स्कॅन केलेल्या कागदावर वेगवेगळ्या आकाराच्या खोल्यांना एकच आकडा आला! पुढं तपासलं तेव्हा कळलं, यंत्र फाईल लहान करण्यासाठी सारखे दिसणारे आकडे एकच समजत होतं आणि एकाच्या जागी दुसरा बसवत होतं. कुठं ६ चा ८ होत होता. कंपनीनं नंतर दुरुस्ती दिली. पण यातली धोक्याची गोष्ट कोणती? तो चुकीचा आकडा पुसट नव्हता. तो अगदी स्वच्छ, ठसठशीत होता. म्हणूनच कुणाला शंका आली नाही. पुसट आकड्याला आपण दोनदा बघतो. ठसठशीत आकड्यावर डोळे मिटून सही करतो.

म्हणून कागदाचा फोटो पुसट आला तर तो सुधारू नका, पुन्हा काढा. उजेडात काढा, कागद सपाट ठेवा, आणि आकडे मूळ कागदाशी एकीनं वाचून आणि दुसरीनं बघून ताडून घ्या.

आता जाता जाता, करायच्या गोष्टी सांगते. कागद-पेन्सिल असेल तर लिहून घ्या.

एक. फोटो काढण्याआधी मोबाईलची काच मऊ, स्वच्छ फडक्यानं पुसा. पिठाचा, तेलाचा हात लागलेला असतो. पुष्कळ भुरकटपणा तिथंच जातो.

दोन. सकाळच्या उजेडात, दाराजवळ किंवा शेडच्या सावलीत फोटो काढा. कोपरं अंगाला टेकवून धरा, हात हलू देऊ नका. माल जिथं आहे तिथं पडद्यावर बोट टेकवा, मग बटण दाबा. काढताना हललेला फोटो नंतर कितीही धार लावली तरी खरा होत नाही.

तीन. मूळ फोटो जपून ठेवा. छपाईला द्यायचा असेल तर केबलनं द्या किंवा व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. तसा पाठवला की लहान होत नाही. स्क्रीनशॉट तर कधीच देऊ नका. त्यात फक्त पडद्यावरची टिंबं येतात.

चार. फोटोच्या 'माहिती' किंवा 'डिटेल्स'मध्ये जाऊन टिंबांचे दोन आकडे बघा. जेवढे इंच छापायचं, त्याला ३०० नं गुणा. तेवढी टिंबं आहेत का, ते तपासा. कापून घेतला असेल तर कापल्यानंतरचे आकडे बघा.

पाच. दोन प्रोग्रॅममध्ये किंवा दोन मोबाईलवर फोटो वेगळा दिसला तर भांडू नका. दोन्हीकडं १०० टक्क्यांवर नेऊन एकच जागा बघा, वाटीची कड किंवा एखादा दाणा. कडेला पांढरी रेघ दिसली तर कुणीतरी धार जास्त लावली आहे असं समजा.

सहा. धार लावायचीच असेल तर सगळ्यात शेवटी, आकार ठरल्यावर आणि थोडीच. मीठ घालतो तशी. आणि हजार स्टिकरं छापण्याआधी एक छापून घ्या. ते मालाशेजारी ठेवून बघा. माल आणि फोटो सारखे दिसले, तरच बाकीची छापा.

ही शेवटची गोष्ट सगळ्यात मोठी आहे. आपलं गिऱ्हाईक लांबचं असतं. ते आपल्या दारात येऊन माल हातात घेऊन बघत नाही. त्याच्यासाठी फोटो हाच आपला शब्द. फोटोपेक्षा माल हलका निघाला तर ते पुन्हा येत नाही. फोटोच वाईट असेल तर चांगला मालही पडून राहतो. मालाइतकाच खरा फोटो असला की गिऱ्हाईक आज येतं आणि पुढच्या हंगामातही येतं.

पुढच्या बैठकीत एक काम करा. प्रत्येकीनं आपापल्या मोबाईलवर गटाचा एकच फोटो उघडायचा आणि सगळे मोबाईल चटईवर शेजारी शेजारी ठेवायचे. किती तऱ्हांनी दिसतो, ते बघा. मग मधे खरा माल ठेवा आणि त्याच्याशी ताडून बघा.

आणि तुमच्या गटात एखादी सून, एखादी मुलगी फोटो काढत असेल, तर फोटो बिघडला म्हणून तिला बोल लावण्याआधी तिचा मूळ फोटो एकदा बघा.

चला, येते. नमस्कार.